नाक्यावर गाडी अडवली तर

(जिल्हा मेळाव्यातील दुपारच्या सत्रात झालेल्या भाषणाचा मजकूर)



सकाळपासून कापसाचा भाव झाला, ज्वारीची खरेदी झाली, पीकविमा झाला. आता मला दिलेला विषय पुकारला तेव्हा मागच्या रांगांत हसू फुटले. हसा. पण जे हसले त्यांतल्या निम्म्यांच्या खिशात मोटारसायकलची किल्ली आहे आणि मेळावा सुटल्यावर ढाब्यावर बसायचे ठरले आहे, हेही मला दिसते आहे. विषय असा : दारू घेतलेल्या माणसाला गाडी चालवताना पोलिसांनी अडवले तर त्याने काय करावे, काय करू नये.

मी इथे कीर्तन करायला आलो नाही. दारू सोडा हे सांगणारे पुष्कळ आहेत, आणि ते सांगतात ते खोटे नाही. मी हिशेब सांगायला आलो आहे. या गोष्टीत आपला शेतकरी तीन ठिकाणी नागवला जातो. रस्त्यावर नागवला जातो कारण कायदा माहीत नसतो. कोर्टात नागवला जातो कारण कागद हातात नसतो. आणि तिसरे ठिकाण म्हणजे विम्याची खिडकी, तिथे नागवली जाते त्याची बायको. ते शेवटी सांगतो.

आधी दंडाचे. मोटार वाहन कायदा, १९८८, कलम १८५. शंभर मिलिलिटर रक्तात तीस मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल असताना गाडी चालवली, किंवा चालवायचा प्रयत्न केला, तर पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दहा हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. पुन्हा सापडलात तर दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा पंधरा हजार, किंवा दोन्ही. २०१९ च्या दुरुस्तीने हे आकडे वाढले. त्याआधी दंड दोन हजारापर्यंत होता. दहा हजार म्हणजे किती? २०२५-२६ च्या हंगामाचा मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव ७,७१० रुपये, संकरित ज्वारीचा ३,६९९. म्हणजे सव्वा क्विंटलच्या वर कापूस किंवा पावणेतीन क्विंटल ज्वारी, तेही हमीभाव पदरात पडला तर. कोरडवाहू रानात एवढे माल काढायला किती तास फेरावे लागतात ते तुम्हाला मी सांगायला नको.

ट्रॅक्टर यात येतो का? येतो. रस्त्यावर आला की ट्रॅक्टरही मोटार वाहनच. बैलबंडी येत नाही, पण म्हणून बंडीवर झिंगून रस्त्यात धिंगाणा घातला तर त्याला दुसरी कलमे आहेत.

आता तीस मिलिग्रॅम म्हणजे किती दारू? ज्याला त्याला वाटते, मला चढलेली नाही म्हणजे मी कायद्यात बसतो. चढण्याशी कायद्याला कर्तव्य नाही, आकड्याशी आहे. देशी दारूत शंभर भागांत सुमारे बेचाळीस भाग अल्कोहोल असते. एकशेऐंशीचा पव्वा पोटात गेला म्हणजे साठएक ग्रॅम शुद्ध अल्कोहोल गेले. साठ किलोच्या माणसाच्या रक्तात त्याने आकडा दीडशेच्या आसपास जातो. मर्यादा तीसची, आणि तुम्ही पाचपट. नाइंटी घेतली तरी पंचाहत्तर. हातभट्टीचे आणि मोहाचे तर मापच नाही, प्रत्येक डब्याचा जोर वेगळा.

आणि उतरते किती? तासाला साधारण पंधरा. कोणाचे थोडे कमी, कोणाचे थोडे जास्त. दीडशेचे तीसवर यायला आठ तास. म्हणजे रात्री दहाला पव्वा संपवून झोपलेला माणूस सकाळी सहापर्यंत कायद्याने दारू प्यालेलाच आहे. झोप झाली, आंघोळ झाली, चहा झाला, आणि साडेपाचला कापसाची ट्रॉली जोडून जिनिंगच्या रांगेत नंबर लावायला निघाला. त्याला वाटते रात्रीची गोष्ट रात्री संपली. यंत्र तसे म्हणत नाही. लिंबू, ताक, काळी कॉफी, डोक्यावर गार पाणी, उलटी काढणे, यांतल्या कशानेही तासाचे पंधराचे वीस होत नाहीत. ते काम यकृताचे आहे आणि यकृत कोणाच्या घाईने चालत नाही. खर्रा, वेलची, कांदा खाऊन वास दाबता येतो, पण यंत्राला वास लागतच नाही. फुप्फुसातून जी हवा येते तिच्यातले अल्कोहोल ते मोजते.

आता गाडी अडवली. पहिली गोष्ट, थांबा. हे सांगायची पाळी यावी हेच वाईट, पण नाका दिसला की दिवा बंद करून पांदणीत गाडी घालणारे आपल्यात आहेत. अंधारात, प्यालेले, नांगरलेल्या रानात मोटारसायकल. पोलिसांपासून सुटतात आणि विहिरीत सापडतात.

गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद करा, खाली उतरा. परवाना मागितला तर द्या. तो मोबाइलमध्ये डिजिलॉकरवर असेल तरी चालतो, नियमात तशी तरतूद आहे. नाव आणि पत्ता खरा सांगा. तो नाकारला तर तेवढ्या कारणावरूनही अटक करता येते. पण ‘किती घेतली, कुठे घेतली, कोणाबरोबर घेतली’ याची उत्तरे देणे तुमच्यावर बंधनकारक नाही. स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला कोणाला भाग पाडता येत नाही, हे घटनेच्या विसाव्या कलमात आहे. खोटे बोलू नका, हुज्जत घालू नका. ‘साहेब, यंत्र लावा, जो आकडा येईल तो येईल’ एवढे म्हणा.

कारण भावांनो, यंत्र हे तुमचेही साधन आहे. हे मी मुद्दाम सांगतो, कारण आपल्याकडे उलटा समज आहे की नळीत फुंकायचे नाकारले म्हणजे सुटलो. कलम २०३ वाचा. संशयाला रास्त कारण असेल तर गणवेशातला पोलीस अधिकारी तुम्हाला फुंकायला सांगू शकतो. नाकारले तर विनावॉरंट अटक होऊ शकते. ठाण्यात नेऊन डॉक्टरकडून रक्त घेता येते. आणि कलम २०५ म्हणते की विनाकारण दिलेला नकार कोर्टात तुमच्याविरुद्धच्या पुराव्याला जोड म्हणून धरता येतो. नाकारून मिळाले काय? आकडा तर येणारच, वर अटकही होणार.

उलट ज्याने घेतलेली नाही, किंवा एखाददुसरा घोट घेतला आहे, त्याला वाचवणारी वस्तू यंत्रच. १९७१ साली महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले होते की तोंडाचा वास, अडखळती जीभ आणि डुलती चाल एवढ्यावरून प्यालेला असल्याचे शाबीत होत नाही, तपासणी हवी. आजचे कलम १८५ तर चाचणीत आलेल्या आकड्यावरच उभे आहे. दिवसभर फवारणी करून डोळे लाल झालेला माणूस, तापाने झोक जाणारा माणूस, यांना ‘प्यालेला’ ठरवायला वेळ लागत नाही. अशा वेळी तुम्ही स्वतः मागणी करा : यंत्र लावा.

यंत्र लावताना नळी नवी आहे का बघा. फुंकल्यावर आकडा स्वतः वाचा. चिठ्ठी छापून येत असेल तर तिच्यावरचे नाव, तारीख, वेळ आणि आकडा बघा आणि मगच सही करा. कोऱ्या कागदावर सही कधीही नाही. नुकताच घोट घेतला असेल किंवा खोकल्याचे औषध तोंडात असेल तर आकडा फुगतो, कारण ते तोंडातले अल्कोहोल असते, रक्तातले नाही. पंधरावीस मिनिटे थांबून पुन्हा चाचणी घ्यायची विनंती करा. अटक झालीच तर ठाण्यात श्वासाची चाचणी देण्याची संधी मिळणे हा तुमचा हक्क आहे, कलम २०३ मध्येच तो लिहिला आहे.

यानंतर येतो तो प्रसंग, ज्यासाठी हा सगळा खटाटोप. कोणी तरी बाजूला घेऊन हळूच म्हणतो, ‘दहा हजार भरता की इथेच मिटवता?’ नीट ऐका. कलम १८५ चा दंड रस्त्यावर भरता येतच नाही. हेल्मेट, सीटबेल्ट, वेग यांचे चलन तिथल्या तिथे भरता येते. कलम २०० मध्ये ज्या गुन्ह्यांची तडजोड होते त्यांची यादी आहे आणि त्या यादीत १८५ नाही. तो खटला कोर्टातच जातो. म्हणून रस्त्यावर ‘दारूचा दंड’ म्हणून कोणी पैसे मागितले तर तो दंड नव्हे. पावती दिली तर तिच्यावर कोणते कलम आहे ते वाचा. आणि हेही ध्यानात ठेवा की २०१८ च्या दुरुस्तीपासून लाच देणाराही गुन्हेगार आहे. दबावाखाली द्यावी लागली असेल तर सात दिवसांच्या आत तक्रार केली तरच देणारा सुटतो. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा फोन १०६४. पाचशे देऊन सुटलेला गडी त्याच अवस्थेत पुन्हा गाडीवर बसतो, त्याचे नुकसान वेगळेच.

आणखी एक. छातीवरचा बिल्ला नाक्यावर दाखवू नका. आमदाराला फोन लावू नका. आपण अंगावर बिल्ला लावतो तो भाव मागायला, प्यालेला माणूस सोडवायला नाही. आणि शिपायाच्या अंगावर हात तर चुकूनही टाकू नका. दहा हजारांचा जामीनपात्र गुन्हा तिथल्या तिथे अजामीनपात्र होतो. भारतीय न्याय संहितेचे कलम १३२ लागते, दोन वर्षांपर्यंत कैद.

अटक केली तर काय? कलम २०२ नुसार पोलिसांनी त्यांच्यादेखत घडलेल्या गुन्ह्यासाठी अटक केली, तर दोन तासांच्या आत नोंदणीकृत डॉक्टरकडून तपासणी झाली पाहिजे, नाही तर सोडावे लागते. म्हणून अटकेची वेळ लक्षात ठेवा, कोणाला तरी फोनवर सांगून ठेवा. रक्त काढताना डॉक्टरांना एवढे बघायला सांगा की कातडीला स्पिरिट लावू नये. स्पिरिट म्हणजेही अल्कोहोलच. दारूबंदी कायद्याखालच्या १९५९ च्या रक्तचाचणी नियमांत, रक्त घेताना कोणत्याही टप्प्यावर अल्कोहोल वापरू नये असे स्पष्ट लिहिले आहे. नमुना स्त्रीचा असेल आणि डॉक्टर पुरुष असेल तर दुसरी स्त्री हजर पाहिजे.

गुन्हा जामीनपात्र आहे. जामीन ही मेहेरबानी नाही, हक्क आहे. अटकेचे कारण सांगणे, घरच्या माणसाला किंवा मित्राला कळवणे, चोवीस तासांत न्यायाधीशापुढे नेणे, हे सारे पोलिसांवर बंधनकारक आहे. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे मागा; जो अटकेत आहे त्याला उत्पन्नाची अट न घालता मोफत वकील मिळतो. फोन १५१००.

आता एक बारीक गोष्ट, पण कापूस विकून परतणाऱ्यासाठी मोठी. खिशात वर्षाची कमाई असते. अंगझडती घेतली तर जे जे काढून घेतले त्याची पावती द्यावी लागते. नोटा मोजून, रक्कम लिहून पावती घ्या. ‘सकाळी मिळतील’ यावर विसंबू नका. परवाना जप्त केला तर त्याचीही पोच मागा, पण ती पोच म्हणजे गाडी चालवायची परवानगी नव्हे, हे २०१९ च्या दुरुस्तीत स्पष्ट आहे. तो परवाना निलंबनासाठी आरटीओकडे जातो. आणि कोर्टाची तारीख पडली की जायचे. न गेल्याने वॉरंट निघते, आणि ते नेमके वेचणीच्या दिवसांत दारात येते.

वर्धा आणि गडचिरोली जिल्ह्यांतल्या भावांसाठी दोन शब्द. तिथे दारूबंदी आहे. चंद्रपुरात ती २०१५ साली आली आणि २०२१ साली उठली. बंदीच्या जिल्ह्यातले लोक शेजारच्या हद्दीत जाऊन पितात आणि रात्री गाडीने परततात. म्हणजे बंदीने दारू थांबवली नाही, तिला वीस-तीस किलोमीटरचा रस्ता जोडून दिला. सरकार एका जिल्ह्यात दुकान चालू देते, शेजारच्या जिल्ह्यात बाटली पकडते. असो. परतताना डिकीत बाटली सापडली तर मोटार वाहन कायद्याच्या जोडीला दारूबंदी कायदाही लागतो, एवढे समजून असा.

ट्रॅक्टरमालकांनो, कलम १८८ तुमच्यासाठी आहे. प्यालेल्या माणसाला गाडी चालवायला जो उद्युक्त करतो त्यालाही चालवणाऱ्याएवढीच शिक्षा आहे. सालदार प्यालेला दिसतो आहे आणि तरी ‘जा, जिनिंगवर ट्रॉली घालून ये’ म्हणून तुम्ही किल्ली फेकली, तर गुन्हा दोघांचा.

आता विम्याची खिडकी.

नाक्यावर पकडला गेलेला माणूस दहा हजारांत सुटतो. नाक्यावर न पकडला गेलेला कधी कधी सुटतच नाही. शेतकऱ्याचा अपघाती मृत्यू झाला तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत घरच्यांना दोन लाख मिळतात. पण कोणत्या मृत्यूला मिळत नाहीत याची यादी त्याच योजनेत आहे, आणि अमली पदार्थांच्या अमलाखाली असताना झालेला अपघात त्या यादीत आहे. गाडी तो स्वतः चालवत असेल तर त्याचा वैध परवानाही दाखवावा लागतो. तालुक्याला फाइल जाते, पंचनामा आणि शवविच्छेदनाचा अहवाल जोडलेला असतो, आणि त्यात एक ओळ असते. त्या ओळीपुढे घरच्यांचे काही चालत नाही. बाई तिथे उभी असते, तिचा काय दोष?

गाडीच्या विम्याचेही तेच. २०२१ साली दिल्लीतल्या एका महागड्या गाडीच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की चालक दारूच्या अमलाखाली होता हे इतर पुराव्यावरून दिसत असेल, तर श्वासाची किंवा रक्ताची चाचणी झाली नव्हती एवढ्यावरून कंपनीला नुकसानभरपाई द्यावीच लागेल असे नाही. म्हणजे बघा, फौजदारी खटल्यात आकडा नसेल तर सुटाल, पण विम्यात आकडा नसला तरी अडकाल. समोरचा माणूस मेला तर कंपनीने वारसांना पैसे द्यावेत आणि मालकाकडून वसूल करावेत, असे आदेश न्यायाधिकरणे देतात. मालकाकडे काय आहे? सातबारा. आणि विमाच भरलेला नसेल तर कंपनी मध्ये नाहीच, सगळे थेट मालकावर.

कैदही वाढते. मुंबईत वांद्र्याच्या कार्टर रोडवर नोव्हेंबर २००६ मध्ये एका तरुणाने दारू पिऊन फुटपाथवर झोपलेल्या मजुरांवर गाडी घातली. सात मेले. तो निव्वळ हयगयीचा गुन्हा नाही, सदोष मनुष्यवध आहे असे उच्च न्यायालयाने ठरवून तीन वर्षांची शिक्षा दिली, आणि २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. ते मजूर रस्त्याच्याच कामावरचे होते. आपल्याकडून पोट भरायला शहरात जाणारी माणसे कुठे झोपतात ते आठवा.

मायबहिणींनो, शेवटचे तुमच्याशी, कारण रात्री फोन तुम्हालाच येणार आहे. घाबरून शेजाऱ्याकडून उसने पैसे काढून कोणाच्या हातात देऊ नका. फोनवर चार गोष्टी विचारा : ठाणे कोणते, अटक केली की नुसती नोटीस दिली, अटक किती वाजता, आणि यंत्राचा आकडा किती. कागदावर लिहून घ्या. ठाण्यात एकट्या जाऊ नका, गावातला एक शहाणा माणूस बरोबर घ्या, आणि ज्याच्याकडे परवाना आहे आणि ज्याने घेतलेली नाही असा एक चालक घ्या. अटक झाली तर गाडीची तात्पुरती व्यवस्था लावणे हे पोलिसांचे काम आहे. ट्रॉलीत कापूस असेल, जनावर असेल, तर त्या चालकाच्या ताब्यात द्या अशी विनंती करा आणि काय ताब्यात मिळाले ते लिहून घ्या.

आणि रात्रीच सुटून घरी आलेला माणूस पहाटे उठून ‘मीच जाऊन ट्रॅक्टर आणतो’ म्हणेल. त्याचा परवाना तर जमा आहेच. पण तुम्ही लिहून ठेवलेला आकडाही बघा. रात्री अकराला एकशेचाळीस होता, तर तासाला पंधरा धरून सकाळी सव्वासहापर्यंत तो तीसच्या वरच आहे. किल्ली त्या दुसऱ्या चालकाकडेच राहू द्या.